गुरुवारची बाई

"आजी, आता माझ्याकडं तोंड करा. एक, दोन... हं, झालं!"

मी स्वयंपाकघराच्या दारामागं उभी राहून ऐकत होते. गॅसवर दूध उतू जायच्या बेतात होतं, पण माझे कान बाहेरच्या खोलीत. सलग चौदावा गुरुवार होता हा. मोनिका भिंगारदिवे आज ना उद्या आमच्या आत्याबाईंसमोर तिच्या येशूचं नाव काढणार आणि मी तिला रंगेहाथ पकडणार, यासाठी पहिल्या गुरुवारपासून मी अशीच उभी राहत आले होते.

तिनं नाव काढलं नाही. आत्याबाईंना कुशीवर वळवलं, पाठ कोमट पाण्यानं पुसली, माकडहाडापाशी लाल झालेल्या कातडीला मलम लावलं, चादर ओढून सरळ केली आणि विचारलं, "आजी, आज अंबाडा की वेणी?"

"दोन येन्या घाल," आत्याबाई म्हणाल्या.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला दोन वेण्या! आणि ही हसत हसत घालायला बसली. मला असल्या गोडपणाची किळस येते, सरळच सांगते.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, रुक्मिणीबाई. गेल्या थंडीत त्यांचं डावं अंग गेलं. धाराशिवकडचं घर बंद करून आम्ही त्यांना इथं कासारवाडीत आणलं आणि बाहेरच्या खोलीत त्यांची खाट टाकली. 'आम्ही' म्हणायचं आपलं. आईला आणायचं ठरवलं तिच्या मुलानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ज्योतीरामनं, आणि आणून झाल्यावर त्याची पाठ दुखायला लागली. आईला उचलायची वेळ आली की ती हमखास दुखते. गुरुवारी मोनिका यायच्या वेळेला तर हा माणूस न चुकता दाढी करायला सलूनमध्ये जायचा.

मी चाकणच्या एका कंपनीत ऑइल सील तपासते. रबराची कडी हातात घ्यायची, दिव्याखाली फिरवायची. कडेला जादा रबर, चीर, बुडबुडा काही दिसलं की लाल क्रेटमध्ये टाकायची. एकवीस वर्षं हेच करतेय. चांगला माल मला दिसतच नाही, तो नुसता हातातून पुढं जातो. दिसते ती खोट. माणसांच्या बाबतीतही माझं तसंच झालंय आणि मला त्याचं वाईटबिईट काही वाटत नाही.

मोनिका पलीकडं पॅकिंगला. एकदा कॅन्टीनमध्ये मी मैत्रिणीला सांगत होते की, आत्याबाईंना सांभाळायला ब्युरोनं पाठवलेली चौथी बाई पण पळाली. ही शेजारच्या टेबलावरून म्हणाली, "ताई, मी येऊ का गुरुवारी?" आमच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी असते. मी म्हटलं, काय घेशील? तर म्हणाली, काही नको. तिथंच मी ओळखलं. आमच्या पट्ट्यात बाराबारा तास राबणारी बाई तिची एकुलती एक सुट्टी फुकट कुणाचं हगणंमुतणं काढण्यात घालवत नाही. आत काहीतरी असणारच. मी घरी येऊन ज्योतीरामला सांगितलं, ती ख्रिश्चन आहे, गळ टाकायला येतेय. तो म्हणाला, "येऊ दे की फुकट येतीय तर. आपला देव काय एवढा कच्चा आहे का?" देवावर इतका विश्वास त्यानं आयुष्यात कधी दाखवला नव्हता.

तर त्या चौदाव्या गुरुवारी एक वेणी झाली होती आणि बेल वाजली.

दारात निळा ब्लेझर घातलेला एक गृहस्थ उभा. मे महिन्यात ब्लेझर! मागं पांढऱ्या साड्यांतल्या दोन बायका, एकीच्या हातात डफली, दुसरीच्या हातात शूटिंग करायला मोबाइल. "प्रभूची स्तुती असो! मी पास्टर निरंजन. आमच्या सिस्टर मोनिका इथं सेवा करतात ना?" मी हो-नाही म्हणायच्या आत तो खाटेपाशी पोचला होता. मोनिका उठून उभी राहिली. तिचा चेहरा पाहून मला कळलं, तिलाही याची खबर नव्हती. हे मी त्याच क्षणी टिपलं होतं, लक्षात ठेवा. टिपणं हेच माझं काम.

पास्टरला मैदानात बोलायची सवय असावी. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत त्यानं दोन्ही हात वर केले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आजी! आनंद करा! देवाचं तुम्हाला बोलावणं आलंय!"

आता अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला मराठी घरात हे वाक्य ऐकवलं की काय होतं, हे मराठीतच जन्मलेल्या या माणसाला कळू नये? त्याच्या चर्चमध्ये बोलावणं म्हणजे नवा माणूस विश्वासात येणं. आमच्याकडं बोलावणं म्हणजे तिरडी.

"आगं आई गं!" आत्याबाईंनी चांगल्या हातानं खाटेची कड पकडली. "आलं का? आजच आलं का? ज्योत्या कुटं हाय? आरं, तोंडात तुळस घाला की कुनीतरी!"

त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पास्टर त्या धारा बघून अधिकच खुलला. "पाहा, पाहा! अंतःकरण विरघळतंय! आजी, भिऊ नका. आजच या. उद्यावर टाकू नका!"

"मला न्हाई यायचं!" आत्याबाई किंचाळल्या. "नातीचं लगीन व्हायचंय अजून!"

मोबाइलवाली शूटिंग करतच होती. मोनिका मध्ये पडली. "पास्टर, थांबा ना. आजींना वेगळंच वाटतंय. त्यांना वाटतंय त्या..."

"सिस्टर, देवाच्या कामात आडवं येऊ नका," तो म्हणाला आणि त्यानं आत्याबाईंच्या डोक्यावर हात ठेवला. आत्याबाईंनी अशी काही बोंब ठोकली की खालच्या मजल्यापर्यंत गेली.

मग काय, पाच मिनिटांत जिना भरला. सोसायटीचे चेअरमन पुढं. सहा महिने आत्याबाई इथं पडून आहेत, या माणसानं एकदा डोकावून विचारलं नव्हतं, आजी कशा आहात म्हणून. आज त्याला आजींचा धर्म आठवला. "आपल्या बिल्डिंगमध्ये धर्मांतर? म्हाताऱ्या बाईला धमकावून?" मागून ज्योतीराम आला, अर्ध्या गालाला फेस तसाच. सलूनवाल्याचं फडकं पण गळ्यातच होतं. त्या अवतारात तो ओरडला, "माझ्या आईला हात लावायचं काम नाही!" आईला हात लावायचं काम त्यानं स्वतःही कधी केलं नव्हतं, पण आवाज चांगला लागला होता.

पास्टरचा उत्साह एकदम ओसरला. त्यानं मोनिकाकडं बोट केलं. "आम्हाला या सिस्टरनंच सांगितलं, म्हणून आलो. आम्हाला काय माहीत?" एवढं बोलून तो डफलीसकट जिना उतरला. मोनिका एकटी राहिली. तिच्या हातात आत्याबाईंची अर्धवट वेणी होती.

चेअरमन माझ्याकडं वळले. "वहिनी, तुम्ही घरातल्या. तुम्हीच सांगा. ही बाई आधीपासून हेच करत होती ना?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. चौदा गुरुवार मी दारामागं उभी होते. एकदाही येशू नाही, पुस्तक नाही, प्रार्थना नाही, गळ्यातला क्रॉससुद्धा ती ब्लाउजच्या आत ठेवायची. हे जितकं पक्कं मला ठाऊक होतं तितकं जगात कुणालाच नव्हतं. दिव्याखाली धरून, फिरवून फिरवून तपासलेला माल होता तो. एक चीर नव्हती.

मी म्हणाले, "फुकट कोण कशाला करतंय, भाऊ?"

झालं. एवढं पुरलं. ज्योतीरामनं तिची पिशवी दाराबाहेर ठेवली. ती म्हणाली, "आजींची दुसरी वेणी राहिलीय. तेवढी घालते आणि जाते." कुणी ऐकलं नाही. चेअरमननी खाली वॉचमनला बोलावून बजावलं, ही बाई परत आत दिसता कामा नये. मग सगळे आत्याबाईंना धीर देऊन, माझा चहा पिऊन गेले.

पुढचे दिवस माझे मला माहीत. सकाळी कामावर जाण्याआधी मी आत्याबाईंना वळवायची, संध्याकाळी आल्यावर वळवायची. मध्ये दिवसभर त्या तशाच. ज्योतीरामला दुपारचं एकदा वळवा म्हटलं की तो कमरेला पट्टा बांधून दाखवायचा. बाकीचे वार आधीही असेच जायचे, पण गुरुवारी मोनिका ती लाल जागा सावरून जायची; ते थांबलं आणि नवव्या दिवशी माकडहाडापाशी कातडी फाटली. मी औषध लावायला गेले की त्या ओरडायच्या. मोनिका कुठं धरायची, गुडघ्याखाली उशी कशी सरकवायची, ते मी कधी नीट बघितलंच नव्हतं. मी फक्त ऐकत होते, तेही चूक सापडायची वाट बघत.

"आज वार कोनचा?" आत्याबाई रोज विचारायच्या. सोमवार म्हटलं की गप्प. बुधवार म्हटलं की गप्प. गुरुवार म्हटलं की तोंड दाराकडं करून पडून राहायच्या.

दुसऱ्या गुरुवारी त्यांनी सरळच विचारलं, "ती बाई कुटं हाय?"

"ती तुम्हाला बाटवायला येत होती, आत्याबाई."

"मला?" त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "काय बाटवायचं ऱ्हायलंय माज्यात? हगलं-मुतलं काढीत व्हती ती माजं. बाटली आसंल तर तीच बाटली आसंल. त्यो कोटवाला बाप्या मेला मला मारायला आलता. ही न्हाई. तुला ठावं हाय की."

मी पट्टी बदलायला घेतली. डॉक्टर म्हणाले होते, जखम अशीच खोल गेली तर हाडापर्यंत जाईल, मग या वयात काही खरं नाही. आत्याबाई माझ्या हातून मरणार होत्या, आणि सगळ्या सोसायटीला त्यांचा धर्म वाचवल्याचं समाधान मिळणार होतं.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मोनिका एकटीच जेवत होती. मी ताट घेऊन समोर बसले. माफी वगैरे मागितली नाही, तो माझा स्वभाव नाही. उलट विचारलं, "त्या पास्टरला तूच सांगितलं होतंस?"

"सांगितलं होतं, पण बोलावलं नव्हतं." तिनं भाकरी मोडली. "काळेवाडीला आमची उपासना गुरुवारीच असते, ताई. आपल्याला रविवार कुठं असतो? इतके गुरुवार मी गेले नाही, तर ईस्टरच्या रात्रीच्या उपासनेत सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, सिस्टर, कुठं असता? मी म्हटलं, एका आजींकडं. तर म्हणाले, मग आजी केव्हा येणार? वर्षभरात तुम्ही एक तरी आत्मा आणला का?"

म्हणजे आठवड्यातला तिच्या देवाचा एकच दिवस, तो ती आमच्याकडं घालवत होती. मला राग आला. तिच्या भोळेपणाचा आला की माझा, ते मी तपासलं नाही.

"आता खरं बोल," मी म्हटलं. "आत्याबाई ख्रिश्चन व्हाव्यात असं तुला वाटत होतं की नाही?"

"वाटत होतं," ती म्हणाली. "अजून वाटतं. रोज त्यांचं नाव घेऊन प्रार्थना करते."

"बघ! म्हणजे गळच."

"गळ म्हणा." ती चिडली नाही, याचाच मला वैताग. "माझ्या आजीचा पाय सडला होता, ताई. घरातले नाकाला पदर लावायचे. एक बाई यायची मिशनची, पाय धुऊन जायची. काही सांगायची नाही. आजीनंच एक दिवस विचारलं, तुझा देव कोणता. तिथून आमचं घर विश्वासात आलं."

"आणि पाय बरा झाला. चमत्कार!"

"नाही झाला. त्या पायानंच गेली आजी. पण ती बाई शेवटच्या दिवसापर्यंत आली. आजी हो म्हणाली म्हणून येत नव्हती, नाही म्हणाली असती तरी आली असती." तिनं पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला. "कुणाला बोलवायचं ते देवाचं काम. ते माझ्याच्यानं होत पण नाही, पास्टर म्हणतात ते खरंय. मला कूस बदलता येते. मी तेवढं करते."

मी कामाचं काढलं. आत्याबाईंना जखम झालीय म्हणून सांगितलं. तिचा घास हातातच राहिला. "किती मोठी?" मी बोटांनी दाखवलं. "पिवळी की लाल?" मी म्हटलं, कडेला लाल, मध्ये पिवळट. ती म्हणाली, "गुरुवारी येते."

तेव्हा मी ते केलं. आजही आठवलं की माझीच मला शिसारी येते. मी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि तिच्या ताटाशेजारी ठेवलं. "वॉचमनला सांगून ठेवलंय तुझ्याबद्दल. कपाळ असं मोकळं दिसलं की लगेच ओळखतील. ही लावून ये. आणि कुणी विचारलं तर सांग, ब्युरोकडून आले."

मोनिका त्या पाकिटाकडं बघत राहिली. पॅकिंगच्या बायकांचा गलका चालला होता, कुणीतरी हसत होतं. ती म्हणाली, "खोटं नाही बोलणार, ताई. नाव विचारलं तर नाव सांगेन." पाकीट मात्र तिनं उचललं.

गुरुवारी ती आली ती टिकली लावून. मरून रंगाची, मोठी, जरा डावीकडं गेलेली. सवय नसल्यावर कुठं लावायची तेही कळत नाही. वॉचमननं मान वर केली नाही. जिन्यात चेअरमन भेटले. मी वरून बघत होते. तीन आठवड्यांपूर्वी ज्या बाईच्या तोंडावर हा माणूस ओरडला होता, ती समोरून चढत होती, आणि तो कठड्याला सरकून म्हणाला, "या ताई, या." त्यानं तिचा चेहरा तेव्हाही बघितला नव्हता. त्याला बघायचं ते कपाळ, आणि तिथं आता सगळं ठीक होतं. एका रुपयाच्या टिकलीनं आमची बिल्डिंग सुरक्षित झाली. मला हसू यायला हवं होतं.

ज्योतीराम सलूनला गेला होताच.

मोनिका खाटेपाशी गेली. "आजी, उशीर झाला मला."

आत्याबाईंनी तिच्याकडं बघितलं. आधी ओळख पटल्यासारखं तोंड उजळलं, मग त्यांची नजर वर कपाळावर गेली आणि तिथंच थांबली.

"वाक जरा," त्या म्हणाल्या. "हे कुनी लावलं तुला?"

मोनिकानं माझ्याकडं नुसतं बघितलं असतं तरी पुरलं असतं. नाही बघितलं. चादरीच्या कडेवर डोळे ठेवून वाकून उभी राहिली.

आत्याबाईंनी चांगला हात उचलला. नखात टिकली सापडेना. दोन वेळा सुटली. आमच्यात विधवेनं दुसरीच्या कपाळावरचं असं काढायचं नसतं, या गोष्टी आत्याबाईंइतक्या कडक कुणी पाळल्या नाहीत. तिसऱ्यांदा ती निघाली. मोनिकाच्या कपाळावर गोंदाचा बारीक गोल राहिला, तो त्यांनी अंगठ्यानं पुसला.

"हे तुजं न्हाई," त्या तिला म्हणाल्या. "तुजं हाय तसं घिऊन येत जा. आन कुनी आडवलं तर मला हाक मार."

मग टिकली चिकटलेलं बोट त्यांनी माझ्यापुढं धरलं. "पद्मजा, घे. तुजी हाय ही."

मी घेतली. कुठं लावणार? माझ्या कपाळावर माझी होतीच. ती माझ्या बोटाच्या टोकाला चिकटून राहिली.

मोनिकानं तोवर बाह्या सारल्या होत्या. पट्टी सोडवून तिनं जखम बघितली. "ताई," ती मला म्हणाली, "पाणी आणा कोमट. आणि मग या बाजूनं धरा. खांद्याला नाही, इथं, कमरेखाली हात घाला."

मी पाणी आणलं. ती सांगेल तिथं हात घातला. आत्याबाईंचं सगळं वजन माझ्या तळहातांवर आलं, तेव्हा एक बोट तेवढं मी दुमडून घेतलं, त्यांच्या अंगाला लागू नये म्हणून.